सुनंदाची पाचवी चांदणी

दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी हजेरी घेताना मी मुलींच्या बोटांकडे बघते. कापसाच्या बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात. शनिवार-रविवार वेचणीला गेलेल्या मुलींच्या नखांशेजारी बारीक लाल ओरखडे असतात. जिंतूरच्या शाळेत इतकी वर्षं काढल्यावर हा हंगाम मला कॅलेंडर न बघता कळतो. वाऱ्याला धुळीचा आणि तुरीच्या फुलांचा वास येतो. दुपारी ऊन चावतं आणि पाचच्या सुमारास कुणी हाक मारल्यासारखं उठून निघून जातं. आणि दरवर्षी न चुकता मला सुनंदाचा हेवा वाटायला लागतो.

बावन्न वर्षांच्या बाईनं असं लिहू नये, पण आहे ते आहे. मी यादी करणारी बाई. बाजाराची यादी, पाहुण्यांची यादी, कुणाकडे कोणता डबा गेला त्याची यादी. घरातले चेष्टा करतात. पण माझी छत्री आजवर एसटीत राहिलेली नाही. माणसांच्या चांगल्या-वाईटाची यादी मी ठेवत नाही. हेव्याची मात्र एक आहे, आणि तिच्यात नाव एकच आहे.

या वर्षी हंगामाबरोबर क्रीडा कार्यालयाचा एक अर्जही आला. आमच्या शाळेच्या खो-खोच्या बारा मुली, प्रत्येकीच्या नावापुढे पाच रिकाम्या चांदण्या छापलेल्या. मुलगी पुढे किती मोठी खेळाडू होईल असं वाटतं, तेवढ्या चांदण्या भरायच्या. चार किंवा जास्त असतील त्या मुलींना शहरातल्या प्रशिक्षणाला बोलावणार. शुक्रवारपर्यंत पाठवा, असं खाली लिहिलेलं. मी पेन घेऊन बसले आणि पहिल्याच नावावर अडले. माझ्या डोळ्यांपुढे छापील चांदण्या नव्हत्याच. तांबड्या पेन्सिलीनं काढलेल्या, एक पाय लांब आणि एक आखूड अशा वाकड्या चांदण्या होत्या. गिराम सरांच्या.

गिराम सर आम्हाला बोरीच्या शाळेत खेळाला होते. बारीक अंगाचे, मोठ्या आवाजाचे. त्यांची सायकल बघण्यासारखी असायची. मडगार्ड पुसलेलं, घंटी चकचकीत, पंप दांडीला चामडी पट्ट्यानं आवळलेला. खेळाच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात लेझीम, मैदान आखायची फक्की आणि दोन फाटके व्हॉलीबॉल. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला, त्यावर आम्हा बारा जणींची नावं. पोळ्यानंतर त्या नावांपुढे चांदण्या उगवायला लागल्या. सरांनी त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? चांगली खेळते तिला चांदणी. शाळेत दुसरा अर्थ असतो कुठं?

त्या वर्षी त्या चांदण्यांना वजन आलं होतं. दिवाळीनंतर परभणीच्या कॉलेजातल्या खेळाच्या मॅडम येणार होत्या. आमच्या दहावीच्या मुलींतून एकीला पुढच्या जूनपासून कॉलेजात प्रवेश, वसतिगृहात जागा आणि संघात नाव. एकच जागा. मला ती हवी होती. इतकी, की वसतिगृहात न्यायच्या सामानाची यादी मी भाद्रपदातच करून ठेवली होती. वळकटी, पितळी तांब्या, आरसा. ती यादी अजून माझ्याकडे आहे.

माझ्या नावापुढे दोन चांदण्या होत्या.

वडिलांना सांगितलं, तर ते पान लावता लावता म्हणाले, "दोन तर दोन. फौजदाराला बी दोनच असत्यात की."

सुनंदाला तेव्हा तीन झाल्या होत्या.

सुनंदा बुद्धवाड्यातली. तिचे वडील गवंडीकाम करायचे. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसत होतो. तिच्या पायात वारा होता असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. तिच्याइतकीच मी पळायचे. पण ती हसत पळायची. बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जाताना तिच्या तोंडावर असं काही असायचं की तिला कुणी पकडणार आहे हे तिच्या गावीही नाही. मी मनात अंक मोजायचे. तिसऱ्या गड्याला वळायचं, पाचव्याला हूल द्यायची. तिला ते कळायचं.

"मंगल, तू पळायलीस का पाढे म्हनायलीस?" असं ती मैदानाच्या मधोमध ओरडायची, आणि बसलेल्या मुली हसून खो मिळूनही उठायला विसरायच्या.

दसरा झाला, वेचणी लागली. सुनंदा आणि तिची आई आमच्याच रानात वेचायला यायच्या. मला त्या हंगामात वडिलांनी रानातून सूट दिली होती. मॅडम येईपर्यंत पोरीनं खेळावं, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. सुनंदाला कोण सूट देणार? एका आठवड्यात ती मैदानावर एकदाही आली नाही. मी सकाळ-संध्याकाळ होते. खांबाला सूर मारून मारून माझी कोपरं सोलली होती. शनिवारी सरांनी कपाट उघडलं आणि मी पाहिलं, सुनंदापुढे चौथी चांदणी होती.

माझ्यापुढे दोनच.

आठवडाभर जी मैदानावर आलीच नाही, तिची चांदणी वाढते कशी? मला रडू आलं नाही. माझ्या तोंडाला कडू चव आली. ती चव मला अजून ओळखता येते. कच्च्या कारळाच्या दाण्यासारखी. दुसऱ्या दिवशी रानात भाकरी घेऊन गेले. सुनंदा कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरून ताठ उभी होती, पोटुशी बाई असावी तशी.

"ये की, वेचू लाग," ती म्हणाली. "बोटं कशी तयार व्हतेत बघ, खांब धरायला."

"तुला काय गरज?" मी म्हणाले. "तुला न खेळताच मिळायल्यात."

ती काहीतरी बोलणार होती. मी भाकरी रानाच्या कडेला धुऱ्यावर ठेवली आणि वळले. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं बंद केलं. बाक तोच होता. मधे दप्तर ठेवलं.

ती वर्षं कशी होती हे आजच्या मुलींना सांगावं लागतं. विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. भिंतींवर गेरूनं लिहिलेलं असायचं, त्यावर कुणी चुना फासायचं, चुन्यावर पुन्हा गेरू. कधी मोर्चा निघायचा आणि एसटी बंद व्हायची, आम्हाला अर्ध्या दिवसात सोडायचे. आमच्या ओट्यावर त्या विषयाचं बोलणं निघालं की आई मला आत बोलवायची. सुनंदाच्या मामाचं घर अठ्ठ्याहत्तर सालच्या दंगलीत जाळलं होतं, दुसऱ्या एका गावात. ती त्याबद्दल एकदाच बोलली होती, सहावीत, डबा खाताना. "भांडी वितळली मामीची," एवढंच. मी तिला विचारलं होतं, "पितळेची का?" माझं डोकं तेव्हाही असंच चालायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका दुपारी सर बाहेर होते आणि कपाट उघडं होतं. सुनंदापुढे पाचवी चांदणी आली होती. खोलीत मी एकटी. मी बोटाला थुंकी लावली आणि ती चांदणी घासली. पेन्सिलीची असली तरी नीट निघाली नाही. कागदाचा पापुद्रा निघाला आणि तांबडा डाग पसरला. सुट्टी संपून आलो तेव्हा त्या डागावर सरांनी पुन्हा चांदणी काढलेली होती. ठळक, बाकीच्या चारांहून मोठी. माझ्यामुळे मोठी झालेली.

मॅडम आल्या. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. अर्धा तास आम्ही खेळलो. मी दोन गडी सूर मारून बाद केले. सुनंदा अशी खेळली की फक्की मारणारा शिपाई डबा खाली ठेवून बघत उभा राहिला. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. झालं. ती परभणीला गेली, मी जिंतूरला. माझी वळकटी, तांब्या आणि आरसा घरातच राहिले.

मी तेव्हापासून एक वही ठेवली. बारा नावं, बारा जणींच्या चांदण्या, आणि पुढे प्रत्येकीचं काय झालं त्याची जागा. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयतीला, एसटी स्टँडवर भेट झाली की घरी येऊन मी भरायचे. वरवर मला हे बघायचं होतं की चांदण्या खऱ्या ठरतात का. आतून मला सुनंदाच्या रकान्यात काय येतं ते बघायचं होतं. चांगलं न येण्याची मी वाट बघत होते. लिहून टाकते.

वहीतून निघालं ते असं. चार चांदण्यांच्या शोभाचं माघातच लग्न झालं, नंतर तिनं खांबाला हात लावला नाही. तीनवाल्या एकीचं किराणा दुकान आहे आणि ती गल्ल्यावरून उठत नाही. आणि कमल, जिला अख्ख्या हंगामात एकच चांदणी मिळाली, ती पोलिसात भरती झाली, खात्याच्या मैदानावर पळत राहिली आणि आता फौजदार आहे. खांद्यावर दोन. वडील असते तर त्यांना किती हसू आलं असतं. सुनंदा दोन वर्षं विद्यापीठाच्या संघातून खेळली, मग गुडघा गेला. नामांतर झालं तेव्हा ती परिचारिकेचं शिक्षण घेत होती. आता नांदेडला मोठ्या दवाखान्यात आहे, तिच्या हाताखाली वीस जणी आहेत. हे यश की अपयश? त्या रकान्यात मी कितीदा लिहिलं आणि खोडलं. पाच चांदण्यांची म्हणून तिनं देशासाठी खेळायला हवं होतं. ते झालं नाही, म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. विद्यापीठाचा शर्ट तिनं दोन वर्षं घातला, मी एक दिवसही नाही. मला तो दिसतो, पाठीवरच्या अक्षरांसह.

लहानपणी वडिलांबरोबर कापसाच्या खरेदीकेंद्रावर गेले होते. तिथला माणूस गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांनी धागा ओढून बघायचा आणि प्रत सांगायचा. वडील परत येताना बैलांशी बोलल्यासारखं बोलले होते, "वरचाच बघितला त्येनं. बुडातला बघितलाच न्हाई." अर्ज भरताना मला तो हात आठवत होता. मी बारा मुलींत कोपरापर्यंत हात घालून कोणता धागा ओढणार?

म्हणून गेल्या रविवारी मी चारठाण्याला गेले. गिराम सर तिथं मुलाकडे असतात. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हिरवी पट्टी लावून खाटेवर बसलेले. माझा आवाज त्यांनी ओळखला.

"मंगल. हजेरी घ्यायला आलीस का?"

मी अर्ज वाचून दाखवला. म्हणाले, "मग दे की. तुला काय जड हाय?"

"सर, तुम्ही कशा देत होतात?"

"काय?"

"चांदण्या. कपाटाच्या दारावरच्या."

हसण्यानं त्यांचे खांदे हलायला लागले. "त्या व्हय. अगं त्या खेळाच्या कुठं होत्या? त्या माझ्या चकरा होत्या. पोरीच्या घरी जाऊन आलो की एक काढायचो. माझ्या ध्यानात ऱ्हावं म्हनून. मॅडम निवडतील, पन घरच्यांनी धाडायला तर पायजे. मी पोळ्यापासूनच लागलो होतो मागं."

सून चहा घेऊन आली. मी कप हातात धरला आणि तसाच धरून बसले.

"मॅडमनी तो कागद बघितला नव्हता?"

"मॅडम कशाला कपाट उघडतील?"

"सुनंदाच्या पाच—"

"पाच चकरा झाल्या." त्यांनी बोटं पुढे केली. "पैल्यांदा बाप न्हाई म्हनला. दुसऱ्यांदा घरीच न्हवता, मुद्दाम. तिसऱ्यांदा म्हनला, मास्तर, परभनीत काय झालं तर जामीन कोन ऱ्हाईल? मामाचं घर जळालेलं होतं त्या पोरीच्या. त्याला भ्याव होतं ते खोटं न्हवतं. चौथ्या चकरेला आईनं इचारलं, तुमची पोरगी धाडली असती का तुमी अशा दिवसांत? तसाच उठून आलो." त्यांनी अंगठा धरला. "पाचव्यांदा बायकोला संगं घेऊन गेलो. तिथं जेवलो दोघं. मग हो म्हनले."

ती पाचवी. थुंकी लावून मी जी पुसली ती.

मी सांगितलं नाही. त्याऐवजी जे विचारलं त्याची मला आता लाज वाटते, पण तोंडातून ते आधी आलं. "मग सर, खेळात कोण चांगलं होतं? मी का ती?"

"उन्नीस-बीस होतात."

"उन्नीस कोण?"

सरांनी हिरव्या पट्टीखालून माझ्या दिशेनं बघितल्यासारखं केलं. "मंगल," ते म्हणाले, "आता ह्या वयात?"

सून तोंडाला पदर लावून आत गेली.

"आणि माझ्या दोन कशा?" मी म्हणाले. "आमच्या वडिलांनी तर पहिल्याच वेळी हो म्हटलं असणार."

"पैल्याच. चहा व्हायच्या आधी. त्यांना काय, गाव त्यांचंच." ते आठवू लागले. "दुसऱ्यांदा... हां. सायकलचा पंप इसरला होता तुमच्या ओट्यावर. तो न्यायला आलो. आलो तर काढली एक."

चारठाण्याहून परतताना एसटीच्या खिडकीबाहेर दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला होता. वेचणाऱ्या बायका पाठमोऱ्या, वाकलेल्या. मला माझी वही आठवत होती. इतकी वर्षं मी मास्तरांच्या सायकलच्या चकरा मोजल्या आणि त्यांच्यापुढे बायकांची आयुष्यं मांडली. पंपाची एक चांदणी धरून.

घरी आले आणि नांदेडला फोन लावला. बोलत होतोच आम्ही, सणावाराला, लग्नकार्याला. पण मधलं ते दप्तर मी कधी पुरतं काढलं नव्हतं. सुनंदाला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं मागे कुणाला तरी सलाईन बदलायला सांगितलं.

"मला माहीत होतं की," ती म्हणाली. "आई म्हनायची, मास्तर येऊन गेला, आता लागंल बघ तुझ्या नावापुढं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायलेच होते. रानात. तू भाकरी ठेवून निघून गेलीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आनि खरं सांगू का मंगल? मला तुझ्या दोनचा लय राग यायचा. रोज बघायचे. म्हनायचे, हिच्या घरी येकदा-दोनदा गेलं की झालं. माझ्या बापाला पाच येळा इनवाया लागतंय. पोरी पाच बघून माझ्याकडं बघायच्या आनि मला धरनीनं पोटात घ्यावं वाटायचं. पाचवी तर कुनीतरी पुसली होती. मला लय बरं वाटलं होतं. सरांनी परत काढली, ती बी एवढी मोठी."

"मी पुसली होती," मी म्हणाले.

ती हसली, मैदानावर हसायची तशी. "तरीच. नीट पुसायची तरी. यादी चांगली करतीस, काम अर्धवट."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता हे संपलं. ज्या गोष्टीचा हेवा होता तीच नव्हती. स्वयंपाक केला, भांडी घासली, वही काढून सुनंदाचा रकाना वाचला. आणि हेवा पुन्हा आला. शांतपणे, ओळखीच्या पाहुण्यासारखा, चप्पल बाहेर काढून. तिच्या वडिलांच्या भीतीचा कोण हेवा करील? जळलेल्या घराचा तर कुणीच नाही. आमच्या ओट्यावर एका चकरेत 'हो' मिळत होतं ते कशाच्या जोरावर, तेही मला या वयात कळतं. पण एका माणसानं तिच्या नावासाठी पाच वेळा सायकल काढली, 'हो' न मिळता परतला आणि पुन्हा गेला. शेवटी बायकोला घेऊन गेला आणि त्या घरात जेवला. माझ्यासाठी कुणालाच परत यावं लागलं नाही. मला हेवा वाटतो तो याचा. समजून उमजून वाटतो.

अर्जातल्या चांदण्या मी गुरुवारी भरल्या. जशा मागितल्या तशा, खेळ बघून. कुणाला तीन, कुणाला चार. पाच कुणालाच नाही. त्यांचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही आणि त्या कागदालाही नाही. चार दिल्या त्यांत रेश्मा आहे. नववीत आहे, डावीकडे अशी वळते की समोरचीचा तोल जातो. दसऱ्यापासून ती मैदानावर आलेली नाही. बोलावणं आलं तर घरचे पाठवतील का, हे विचारायला मी मंगळवारी गेले होते. आई म्हणाली, वेचणी हाय, मग बघू.

आज पुन्हा गेले. टेबलाच्या खणात एक तांबडी-निळी पेन्सिल सापडली होती, ती टोक करून पर्समध्ये टाकली होती. रेश्माचे वडील ओट्यावर होते. बसा म्हणाले, पण घोंगडी टाकली नाही.

"बाई, परवाच तर येऊन गेल्या ना तुमी?"

"आले होते."

"मग सांगितलं की हिच्या आईनं."

"सांगितलं. मी पुन्हा आले."

ते जमिनीकडे बघत बोलत राहिले. पोरीची जात, शहरातलं राहणं, कोण बघणार, पुढं लग्नाला कोण विचारणार. मी सगळं ऐकून घेतलं. दाराच्या फटीत रेश्मा उभी होती. ओटी अजून कमरेला, हाताची बोटं ओरखडलेली. ती बापाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, डोळे मोठे करून, आपल्यासाठी कुणीतरी दुसऱ्यांदा आलं आहे हे नीट बघून घ्यावं तशी. आणि माझ्या तोंडात ती कारळाची चव आली. चौदा वर्षांच्या पोरीचा मला हेवा वाटला.

चहा झाला. हो झालं नाही. मी उठले, चपला घातल्या, पर्स घेतली, नमस्कार केला आणि वाटेला लागले.

छत्री त्यांच्या ओट्यावर राहिली. ढग नसताना मी ती घेऊन गेले होते, आणि मी वस्तू विसरत नाही.